उजव्या कोपऱ्यातला ठिपका

घराजवळच्या छोट्या थिएटरात आज ३५ मिमी प्रिंटचा खास खेळ होता. सिनेमा ठीकच. खरी मजा नंतरच्या गप्पांत आली. पाहुणे दिग्दर्शक वगैरे नव्हते, आयुष्यभर प्रोजेक्टर चालवलेले एक काका होते.

एक रीळ साधारण २० मिनिटांचं, म्हणून केबिनमध्ये दोन मशीन शेजारी शेजारी. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका, की खटकन बदल! चुकलं तर शिट्ट्या आणि शिव्या.

इतकी वर्षं सिनेमे पाहतेय, तो ठिपका मला एकदाही दिसला नव्हता. (आज दिसला का? नाही.)

एका आजोबांनी प्रश्न म्हणून स्वतःचीच गोष्ट दहा मिनिटं सांगितली. असे एक असतातच.

शेवटी काकांनी फिल्मचा तुकडा हातोहात फिरवला. कडेची ती बारीक नागमोडी पट्टी म्हणजे चक्क आवाज! दिव्यासमोर धरून मी बघतच बसले. शेवटी शेजारचा मुलगा म्हणाला, "ताई, आता मला द्या ना."