तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

गाडी टोचन लावून दारात आली तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. उद्यमनगरात नुकतेच लेथ सुरू झाले होते. २००८ ची पेट्रोल स्विफ्ट. बॉनेटच्या फटीतून ऑइलचे ओघळ थेट बंपरपर्यंत आलेले. स्टिअरिंगवरून उतरलेला पोरगा तेवीस-चोवीसचा असेल, डोळे तारवटलेले.

"काका, काल रात्री करूळ घाट चढत होतो. एकदम पिकअप गेला, मागं निळा धूर. थांबून बघतोय तर डिपस्टिकच, ऑइल मोजायची पट्टी, उडून बाहेर आलेली."

डिपस्टिक उडते ती खालच्या ऑइल चेंबरमध्ये दाब शिरला की. बॉनेट उघडलं तर एक्झॉस्टला छोटा टर्बो जोडलेला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तोही १.३ लिटरच्या डिझेल इंजिनाचा. चार महिन्यांपूर्वी बाहेरगावी बसवून घेतलेला. बसवणाऱ्याने गाडी न बघता फोनवरच सांगून टाकलं होतं की टर्बोचं सील गेलंय, दुसरा टाका. पोरगा त्या तयारीनं पैसे घेऊनच आला होता. मी म्हटलं, आधी चहा घे.

टर्बोचा पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवून पाहिला. डगडग नाही, पंख्याची पाती कुठं घासलेली नाहीत. मग चारही प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला: १७५, १७०, ६०, १७२.

तिसऱ्याचा प्लग टॉर्चच्या उजेडात धरला. पांढऱ्या पोर्सिलिनवर मिठाच्या कणांसारखे बारीक चंदेरी ठिपके होते. पोराला जवळ बोलावलं. "हे ठिपके अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. तुझ्या पिस्टनचे." तो बराच वेळ प्लगकडं बघत राहिला.

दुपारी तीनपर्यंत हेड आणि चेंबर उतरवून पिस्टन बाहेर काढला. वरच्या दोन रिंगांमधली भिंत नखाएवढी तुटली होती. त्या वाटेनं जळता गॅस खाली गेला, डिपस्टिक उडाली, आणि ऑइल वर येऊन जळायला लागलं. निळा धूर त्याचा. टर्बो बिचारा विनाकारण बदनाम झाला होता.

भिंत तुटायची कारणं मुख्यत: दोन. एक, रिंग तापून वाढते, टोकांमधला गॅप संपतो आणि टोकं एकमेकांना भिडतात. तसं असतं तर टोकं घासून चकाकली असती. भिंग लावून पाहिली, करडीच होती. म्हणजे दुसरं कारण, नॉकिंग. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात.

"पण मी ९५ ऑक्टेनचं, नॉकिंग टाळणारं पेट्रोल टाकत होतो," तो म्हणाला. खरंच टाकत होता, पावत्या दाखवल्या. चूक त्याच्या पेट्रोलची नव्हती.

हे इंजिन १२९८ सीसी, ८७ बीएचपीचं. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब सेन्सर मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. कंपनीनं दिलेला सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो, कारण त्याच्या वर दाब जाईल असं इंजिन बनवताना कुणी धरलेलंच नसतं. इथं टर्बो ७ पीएसआय जादा दाब देत होता. बाहेरच्या हवेचा दाब १४.७. म्हणजे जवळजवळ दीडपट हवा आत, आणि ईसीयू पेट्रोल मोजतोय एकपटीचं. फुल थ्रॉटलला तो ऑक्सिजन सेन्सरचंही ऐकत नाही. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नव्हता, त्यामुळे दाबलेली हवा तशीच कढत आत. ठिणगी कधी पडायची ते टायमिंगही मूळचंच. शहरात पाय दोन सेकंद दाबून सोडला तर निभतं. घाटात तिसऱ्या गिअरला पाय मिनिटभर दाबलेला राहतो.

"१३०० च्या डिझेलचा टर्बो १३०० च्या पेट्रोलला" हा हिशेब तर मला मनापासून खटकतो. डिझेल मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास थांबतं, पेट्रोल ६००० च्या पुढं फिरतं. एवढ्याशा टर्बोत एक्झॉस्ट कोंडतो आणि उष्णता हेडमध्येच राहते. शिवाय डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७५०-८०० अंशांचा, पेट्रोलचा फुल लोडला ९०० च्या वर. त्या तापमानासाठी तो टर्बो केलेलाच नाही.

तो खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे टर्बोचा नादच सोडू?" मला ते आवडलं नाही. आल्फ्रेड ब्युखीनं एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर कारखान्यातूनच टर्बो घेऊन निघाली, आणि नॉकिंग होऊ नये म्हणून तिला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी होती. म्हणजे ही भीती कारखान्यालाही होती. त्यांनी तिचा बंदोबस्त केला, या गाडीत कुणी केला नव्हता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिनात असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. टर्बो ठेवायचा असेल तर गाडी ट्रॅकवर जाईल, तीही ट्रेलरवरून. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, कबूल.

बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला. पोरगा रोज संध्याकाळी यायचा. वरच्या रिंगचा गॅप ०.४० मिलिमीटर ठेवला, तो फीलर गेजनं त्यानंच मोजला. पेट्रोलसाठीचा टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, हवेच्या दाबाच्या तिप्पट, ३ बारपर्यंत वाचणारा सेन्सर, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू. बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, ५ पीएसआय, त्याच्या वर नाही.

अडीच महिन्यांनी गाडी डायनोवर, म्हणजे उभ्या गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवली. इंजिन ब्लॉकला मी तांब्याची नळी चेपून बोल्टनं आवळतो, तिला रबरी पाइप आणि पाइपाला कानावरचे मफ. इंजिनाच्या पोटातलं त्यातून ऐकू येतं. फुल थ्रॉटलला मिश्रण ११.८, म्हणजे एका भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा, कानात नुसती घरघर. मग मफ त्याच्या कानावर चढवले, त्याला सीटवर बसवलं आणि टायमिंग मुद्दाम दोन डिग्री पुढं घेतलं, म्हणजे ठिणगी थोडी आधी.

३८०० फेऱ्यांना पत्र्यावर वाळू पडावी तसा नॉकिंगचा आवाज आला असणार. मी खूण करायच्या आत त्यानं पाय उचलला होता.