आमची वाटचाल : बुधवारची पंगत

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे. सुरुवात घराच्या पडवीत झाली. हाताने चालवायचे कटर, छोटा बॉयलर आणि सोलायला शेजारपाजारच्या बायका. आज स्वतःची शेड आहे, बोर्मा म्हणजे गर सुकवायची भट्टी आहे, हंगामात तीसेक माणसं कामाला असतात. बी खरेदी आणि बॉयलर यजमान बघतात. सोलाई, ग्रेडिंग, पॅकिंग आणि हिशेब माझ्याकडे. धंदा कसा वाढला हे सांगताना बहुतेक जण कर्ज, मशिनरी आणि गिऱ्हाइकं यांबद्दल सांगतात. त्या वाटेने आम्हीही गेलो. पण युनिटची घडी खरी बसली ती बुधवारच्या दुपारी, डबे उघडून बसल्यावर. म्हणून मी त्याबद्दलच लिहिणार आहे.

काजूचं काम टप्प्याटप्प्याचं. बी उन्हात वाळवायची, वाफवायची, थंड होऊ द्यायची, कटरवर फोडायची. गर निघाला की बोर्म्यात सुकवायचा, मग साल काढायची, मग आकार आणि रंग बघून निवडायचा. प्रत्येक टप्प्याची माणसं वेगळी आणि जेवायच्या जागाही वेगळ्या. कटिंगवाले फणसाखाली, कारण टरफलातल्या तेलाने हात काळे झालेले. सोलणाऱ्या पडवीत. ग्रेडिंगच्या मुली पॅकिंगच्या खोलीत पंख्याखाली. बोर्म्यावरचे दादा भट्टी सोडून हलायचे नाहीत, तिथेच डबा उघडायचे. मागच्या टप्प्यावरून जे येईल ते घ्यायचं, आपलं काम करून पुढे ढकलायचं. बिघाड झाला की कारण कुणालाच माहीत नसायचं, कारण ते आपल्या भिंतीपलीकडे असायचं.

माझा भाचा पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा सगळे आपापले डबे घेऊन एका खोलीत बसतात, जेवताजेवता कुणीतरी आपल्याला येणारी एखादी गोष्ट बाकीच्यांना समजावून सांगतो. सुट्टीत घरी आला असताना त्याने हे सहज सांगितलं आणि माझ्या डोक्यातून ते जाईना. त्यांच्याकडे लॅपटॉप असतील, आमच्याकडे सुपं आहेत. पण शिकायची गरज तीच होती.

आपल्याकडेही तसंच करायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न सोलाईच्या एका काकीने विचारला, आणि तो अगदी रास्त होता. आमच्याकडे सोलाई किलोवर असते. ती म्हणाली, "वयनी, त्या अर्ध्या तासात माझो अर्धो किलो सोलून होता. ता कोण देतलो?" १९४८ च्या कारखाना कायद्याने तेव्हा सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्धा तास विश्रांती द्यायलाच लावली होती. तो अर्धा तास कामगाराचा. त्यात मालकाने आपलं काही घुसवणं मला पटणारं नव्हतं. म्हणून जेवणाची सुट्टी होती तशीच ठेवली आणि बुधवारी तिला पुढचा अर्धा तास जोडला. तो युनिटच्या खर्चाने. किलोवर काम करणाऱ्यांना त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांच्या रोजच्या सरासरीने मिळतात, हजेरीवाल्यांचं तर काही कापायचा प्रश्नच नाही. मजुरीच्या वहीत त्याला वेगळा रकाना आहे. बॉयलरला लाकूड लागतं तसाच हा खर्च, असं मी यजमानांना सांगितलं आणि त्यांनाही ते पटलं. कुणाला बसायचं नसेल, घरी जाऊन गुरांना पाणी दाखवून यायचं असेल, तर त्याने खुशाल जावं. पैसे कापले जात नाहीत.

वार बुधवार निवडला त्याला कारण आहे. सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं. बुधवारी बांगड्याचं तिखलं, सुंगटं, तिसऱ्या असं काही ना काही असतं आणि चुलीवरचं गरम कालवण डब्यात घेऊन आलेलं माणूस खुशीत असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा सुके बांगडे आणि गोलम्याची किसमूर. श्रावणात काळ्या वाटाण्याचं सांबारं. डब्यांची ही देवघेव मला सुरुवातीला शिकण्यापेक्षा महत्त्वाची वाटली. कोण कुणाच्या डब्यातलं खातं आणि कोण खात नाही, ही गोष्ट आपल्या गावांतून बोलली जात नसली तरी सगळ्यांना ठाऊक असते. आमच्याकडे कटिंगच्या झारखंडहून आलेल्या मुलांनी आधी सोलणाऱ्या काकींच्या कालवणात भाकरी बुडवली, आणि मग बाकीच्यांचं अंतरही हळूहळू कमी झालं. त्यासाठी मी कुणाला एक शब्द सांगितला नाही. एका गोलात बसायचं, इतकंच ठरलेलं.

पहिला विषय मीच निवडला होता : डब्ल्यू-३२० म्हणजे काय? आमच्या ग्रेडिंगच्या मुली दिवसभर १८०, २१०, २४०, ३२० असे ढीग लावतात. नजर इतकी तयार की हात थांबत नाही. पण हा आकडा कसला, हे विचारल्यावर एकमेकींकडे बघू लागल्या. मी वजनकाटा मधोमध ठेवला आणि ३२० च्या ढिगातून एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम गर तोलायला सांगितले. मग मोजणी. दहा-दहाच्या रांगा केळीच्या पानावर. ३११ भरले. पौंडात ३०० ते ३२० गर बसतात म्हणून तो ३२०. १८० च्या ढिगातले तेवढ्याच वजनाचे मोजले तर १७० ते १८० च्या आत. ग्रेडिंगच्या एका मुलीने नुसत्या नजरेने लावलेले हे दोन्ही ढीग आंतरराष्ट्रीय बाजारातल्या मापात चोख बसले होते. मोजून झाल्यावर तिने ते गर परत ढिगात टाकले नाहीत, वेगळ्या डब्यात घालून तिच्या टेबलावर ठेवले. तो डबा आता नवीन येणाऱ्या मुलीला शिकवायला वापरतात.

याच विषयाला पुढच्या बुधवारी सोलाईच्या एका वयनीने आपण होऊन पुढे नेलं. त्यांच्या घरी वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची कलमं आहेत. ती घरची बी एका पिशवीत घेऊन आली आणि आमच्या गोदामातली आयात बी दुसरीकडे मांडली. वेंगुर्ला-७ ची एक बी साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभरेक. आफ्रिकेतून येते ती किलोत १८०-२०० सहज. मोठा गर कुठून येतो आणि गावच्या बीला जास्त दर का द्यायचा, हे मी सांगितलं असतं तर हिशेबाची गोष्ट झाली असती. तिने सांगितलं म्हणून ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं. १९५७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे, ही जात तिथलीच, हेही तिनेच सांगितलं. त्या केंद्रात आम्ही नंतर सगळे मिळून जाऊन आलो. मातृवृक्ष बघताना अनेकींना प्रथमच कळलं की आपण रोज ज्याची साल काढतो त्यावर शास्त्रज्ञांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

पण ज्या दुपारने आमच्या धंद्याचा हिशेब बदलला ती बोर्म्याची. पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, जास्त पडत होती. अख्खा गर आणि पाकळी यांच्या दरात मोठी तफावत असते, त्यामुळे पाकळीचा ढीग वाढला की नफा तिथेच संपतो. सोलणाऱ्यांचं म्हणणं, गर कडक येतो. बोर्म्यावरच्या दादांचं म्हणणं, मी नेहमीसारखाच सुकवतो. हे म्हणणं ते माझ्याकडे स्वतंत्रपणे मांडत होते आणि मी मध्ये निरोप्याचं काम करत होते. त्या बुधवारी मी विषय दिला नाही. दोन ट्रेमधले गर दोन ताटल्यांत ठेवले, एक सकाळचा, एक दुपारचा, आणि सगळ्यांना हाताने साल काढून बघायला सांगितलं.

सकाळच्या ताटलीतल्या गराची साल अंगठ्याच्या नखाने सरकन निघाली. दुपारच्यातली निघता निघता गर मधोमध फुटत होता. "सकाळचे ट्रे बरे असतत," एक काकी म्हणाली. "दुपारचे एकदम कडक. हात लावलो की पाकळी." दादांनी स्वतः चार-पाच गर सोलून पाहिले. आजवर त्यांनी सुकवलेला गर त्यांनी कधी सोललाच नव्हता. मग म्हणाले, "दुपारी मी एकटोच असतंय. खालचे ट्रे वर करूक माणूस गावणा नाय."

सगळं कारण त्या एका वाक्यात होतं. भट्टीची आच खालून येते, तळाचे ट्रे आधी तापतात, ते ठरल्या वेळाने वर न्यावे लागतात. सकाळी मदतीला कटिंगचा मुलगा असायचा, दुपारी तो बीची पोती उतरवायला जायचा. गर जास्त सुकला की ठिसूळ होतो, कमी सुकला तर साल चिकटून राहते, या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे. उपाय त्यांनीच काढला. पोती उतरवायची वेळ बदलली. आणि एका काकीने सुचवलं की बोर्म्यातून काढलेला गर लगेच सोलायला न देता थोडा वेळ दमट जागी ठेवावा, घरी पापड नरम पडतो तसा. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी वेगळी खोली असते हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, ती स्वयंपाकघरातून तिथे पोहोचली. आम्ही एका कोपऱ्यात ओली गोणपाटं टांगून तशी जागा केली. पाकळीचा ढीग त्याच महिन्यात डोळ्यांना दिसेल इतका उतरला. आता दादा रोज दुपारी एक मूठ गर स्वतः सोलून बघतात, मगच ट्रे पुढे देतात.

कटिंगवाल्यांच्या हातांचा विषय त्यांच्यापैकीच एकाने काढला. टरफलातलं तेल कातडी जाळतं. पूर्वापार खोबरेल चोपडून वर राख लावतात, पण दिवस सरता सरता ती निघून जाते. हातमोजे आम्ही आणून दिले होते, ते कुणी घालत नव्हतं आणि का घालत नाही ते कुणी सांगत नव्हतं. गोलात बसल्यावर कळलं. कटरला बी लावताना ती बोटांना जाणवावी लागते, नाहीतर बी तिरकी बसते आणि बोट पात्याखाली जायची भीती. मग हातमोज्यांची फक्त बोटं कापून अंगठ्याला आणि दोन बोटांना टोप्या केल्या, बाकी हात खोबरेलाने झाकायचा. आज सगळे त्या टोप्या घालतात. सुरक्षेचं साहित्य विकत घेणं माझं काम आहे, पण ते वापरण्याजोगं करायची अक्कल त्यांच्या बोटांत होती.

सगळे विषय कामाचे नसतात, आणि तसे ते असूही नयेत. एका बुधवारी पीएफची पावती वाचली. पगारातून १२ टक्के जातात, तेवढेच युनिट भरतं, त्यातला काही भाग पेन्शनकडे वळतो, हे समजल्यावर "आमचे पैसे कापतत" हा सूर बदलला. एका मुलीने बाकीच्यांना मोबाईलवर पासबुक बघायला शिकवलं. कुणीही ओटीपी विचारला तर फोन ठेवायचा, हे आमच्याकडच्या साठीतल्या आजीला आता पाठ आहे. झारखंडच्या मुलांनी त्यांच्याकडे महुआची फुलं वेचून कशी वापरतात ते सांगितलं, तेव्हा काजूच्या बोंडांवर किती तरी वेळ गप्पा रंगल्या. इतकी बोंडं आपण शेतात कुजू देतो, याची हळहळ सगळ्यांना वाटली.

बाहेरचे व्याख्याते मी आता बोलावत नाही. एकदा बोलावले होते. शुद्ध मराठीत पडद्यावर चित्रं दाखवून ते उत्तम बोलले, पण माणसं डबे बंद करून शाळेतल्यासारखी ताठ बसली आणि कुणी प्रश्न विचारला नाही. डबा उघडा असला की तोंडही उघडं राहतं. आणि मी आधी बोलायचं नाही, हेही कसोशीने पाळते. मालकीण बोलली की विषय तिथे मिटतो. कुणाची चूक पंगतीत काढायची नाही हा नियम कटिंगच्या मुलांनी घातला, तो मला फार आवडला.

सध्या एक अवघड विषय समोर आहे. हवेच्या दाबाने साल काढणारं मशीन घ्यावं का? मोठी युनिट्स ते वापरतात आणि किलोमागचा खर्च त्यांचा कमी पडतो, त्यांच्या दराशी आम्हाला झुंजायचं आहे. मी ही गोष्ट बँकेत जाण्याआधी पंगतीत सांगितली. क्षणभर कुणी घास घेतला नाही. मग तोच काकीचा रास्त आवाज : "मगे आमी खय जावचा?" मी सांगितलं की मशीनमधून काही गर साल राहिलेला बाहेर पडतोच, तो हातानेच सोलावा लागतो, आणि माल वाढला तर ग्रेडिंगला माणसं लागतील. आत्ता कामावर असलेल्या एकीलाही काढणार नाही, हा शब्द दिला आणि तो लिहूनही दिला. तरी नुसत्या शब्दावर कुणी विसंबू नये असं मलाच वाटतं. म्हणून सोलाईच्या दोघी आणि ग्रेडिंगची एक अशा तिघींना घेऊन मी कुडाळकडच्या एका युनिटमध्ये ते मशीन चालताना बघायला जाणार आहे. पाकळी किती पडते, किती गर हाताला येतो, ते त्या मोजतील. परत आल्यावर बुधवारी त्या सगळ्यांसमोर सांगतील. ऑर्डर द्यायची की नाही ते त्यानंतर ठरेल.