गाळातून निघालेला टीव्ही आणि साबळेची शर्यत

माझं गोकुळपेठेत टीव्ही रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं झाली हे काम करून राहिलोय, पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून. पण २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे जे काम आलं तसं आधी कधी आलं नव्हतं आणि पुन्हा येऊ नये. नागपूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको, २२ सप्टेंबरची रात्र आणि २३ ची पहाट. काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीने पात्र सोडलं, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआऊट सगळं पाण्यात, तिकडे सीताबर्डीच्या मोरभवन बसस्टँडवर एसटी बुडाल्या. लोकांना काढायला लष्कराची माणसं आली होती. घरोघरी गणपती बसलेले होते तेव्हा, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

पाणी माझ्या दुकानापर्यंत आलं नाही. पण तिसऱ्या दिवसापासून टीव्ही यायला लागले. ऑटोत, स्कूटीवर मधे धरून, एक जण तर हातगाडीवर तीन शेजाऱ्यांचे टीव्ही घेऊन आला. भिंतीवर टांगलेले बहुतेक वाचले, टेबलावर ठेवलेले सगळे बुडाले. आठवडाभरात दुकानात साठच्या वर सेट झाले, पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली, नाव, नंबर, तारीख. आणि वास. पुराच्या गाळाचा एक वास असतो, नाल्याचं पाणी, डिझेल, कुजलेलं धान्य सगळं मिळून, तो वास दिवाळीपर्यंत दुकानातून गेला नाही.

लोकांना वाटतं वाळवला की झाला. तसं नसतं. बॅक कव्हर खोललं की आत पिवळा गाळ बसलेला, बोर्डाच्या पायांमधे, कनेक्टरच्या दातांमधे, आणि वरून कोरडा दिसला तरी खाली ओल धरून असतो. आधी सगळे बोर्ड सुटे करायचे, स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग आयपीए म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल आणि मऊ ब्रशने एकेक कोपरा साफ करायचा, मग ब्लोअर कमी हीटवर, मग दोन दिवस सावलीत वारा. एवढं करून पॅनलच्या काठाला ज्या बारीक पट्ट्या असतात त्यांच्यात पाणी शिरलं असेल तर सगळी मेहनत वाया, कारण पॅनल बदलायचा खर्च म्हणजे जवळपास नवीन टीव्हीच. हे लोकांना सांगणं हे सगळ्यात अवघड काम होतं. ज्यांचं कपाट गेलं, गादी गेली, पोरांची पुस्तकं गेली, त्यांना अजून एक गोष्ट गेली म्हणून सांगायचं.

त्यामुळे भांडणं व्हायची. माझा आधी आणला होता, त्याचा का खोलला. बंगल्यातले लोक म्हणायचे आम्ही जास्त पैसे देतो आमचा आधी करा. वस्तीतले म्हणायचे गरिबाचा आहे म्हणून मागे टाकला का भाऊ. मी कोणाचा नंबर तोडला नाही हे छातीवर हात ठेवून सांगतो, पण ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. पाणी एकच होतं, पण त्या आठवड्यात जो तो आपल्याच घरातलं पाणी मोजत होता.

तर १ ऑक्टोबर, रविवार. एरवी रविवारी दुकान बंद असतं पण त्या महिन्यात रविवार वगैरे काही नव्हता. दुपारी चारच्या सुमारास दुकानात आणि बाहेर फुटपाथवर मिळून दहा-बारा जण असतील. डागा लेआऊटच्या एक काकू होत्या, ५५ इंची सेट होता त्यांचा, आणि घरकाम करणारी एक ताई होती, नाल्याकाठच्या वस्तीतली, सोबत सात-आठ वर्षांचा पोरगा. तिचा ३२ इंची. नंबर ताईचा होता, माझ्या हेल्पर पोराने तिचा सेट टेबलावर घेतला आणि काकू चिडल्या. मंगळवारी आणून ठेवलाय, रोज चकरा मारतेय, माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दिवसभर काय बघायचं त्यांनी. ताई म्हणाली, मी सोमवारी आणला, चिठ्ठी पाहून घ्या. मग एक ऑटोवाला मधे पडला, मग एक रिटायर बँकवाले काका, आवाज चढले, ताईचं पोरगं तिचा पदर धरून उभं. खरं सांगतो, शटर ओढून घरी जावं असं वाटलं मला.

तिथे स्टुलावर एक गृहस्थ बसून होते. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशा, पाठ एकदम सरळ. सगळे त्यांना हवालदार काका म्हणतात. त्यांचा पण सेट होता माझ्याकडे. ते आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "अरे लढता काय, तिचा चालू तर होऊ द्या आधी." आणि का कोण जाणे, सगळे थांबले.

आमच्याकडे सिरीज बल्ब असतो. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, सेट त्याच्या सिरीजमधे लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि सेट वाचतो, आणि सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. त्या आठवड्यात लोकांना पण हे कळून गेलं होतं, मी स्विचवर हात ठेवला की सगळे बल्बकडेच बघायचे. मी स्विच टाकला. बल्ब भक्कन पेटला, एक सेकंद तसाच राहिला, आणि मग हळूहळू लाल होत विझल्यासारखा झाला. खाली स्टँडबायचा लाल ठिपका आला. ताईने तोंडावर हात ठेवला. मग डायरेक्ट लाईनवर टाकला, दुकानातला सेटटॉप बॉक्स जोडला, आणि स्क्रीन आला. डाव्या कोपऱ्यात खाली तळहाताएवढा काळपट डाग होता, बाकी चित्र स्वच्छ. पुरातून आलेल्यांपैकी त्या दिवशी चालू झालेला तो पहिला सेट.

"स्पोर्ट्स लाव," हवालदार काका म्हणाले, "आपला पोरगा धावून राहिला आज."

मला तसंही हलतं चित्र पाहिजेच असतं पॅनल बघायला. लावलं. हांगझोऊची एशियन गेम्स, पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस, फायनल. आणि लाईनीत उभा अविनाश साबळे.

आता खरं म्हणजे सेट दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचा असतो. थंड होऊ द्यायचा, परत लावायचा, पाच मिनिटं, मग दहा. पुरातल्या सेटमधे ओल कुठे लपली असेल सांगता येत नाही, गरम झालं की उडतो. मला हे माहीत होतं आणि तरी मी बंद केला नाही. मागचं कव्हर उघडंच होतं, टेबल फॅन फिरवून बोर्डावर सोडला आणि नाक तिकडे लावून उभा राहिलो, कारण कॅपॅसिटर जायच्या आधी वास येतो.

हवालदार काका सांगायला लागले आणि मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, शेतकऱ्याच्या घरचा, शाळेत जायला सहा किलोमीटर, बारावी झाली आणि फौजेत भरती, ५ महार, म्हणजे महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. सियाचेनला राहिला, राजस्थानात राहिला, धावणं खरं सुरू झालं ते फौजेतच. २०१८ मधे गोपाल सैनींचं ३७ वर्षं जुनं नॅशनल रेकॉर्ड मोडलं. बर्मिंगहॅमला २०२२ मधे कॉमनवेल्थमधे सिल्व्हर, केनियाच्या किबिवोटच्या मागे फक्त ०.०५ सेकंद, आणि १९९८ पासून त्या शर्यतीचे तिन्ही मेडल केनियावालेच घेऊन जात होते, त्यांच्यात घुसला हा. "आणि आता दीड महिन्याआधी वर्ल्डमधे फायनलला पण नाही पोचला," काका म्हणाले, "लोकं म्हणे संपला. संपला म्हणे."

शर्यत सुरू झाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, साडेसात फेऱ्या असतात, २८ अडथळे आणि वरून ७ वेळा पाण्याची उडी. अडथळा म्हणजे हर्डलसारखा पडणारा नाही, जाड लाकडी ओंडकाच, ३६ इंच उंच, पाय लागला तर माणूस पडतो, ओंडका हलत नाही. आणि पाण्याच्या उडीला ओंडक्यापलीकडे खड्डा, पाण्याने भरलेला.

साबळे लवकरच पुढे निघाला. पहिली पाण्याची उडी आली, त्याने ओंडक्यावर पाय दिला, पलीकडे पाण्यात पडला आणि पाणी उडवत तसाच निघून गेला. आणि ताईचं पोरगं मोठ्याने म्हणालं, "आई, तो पाण्यातून पळते!"

कोणी काही बोललं नाही. मला वाटतं त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला आपापलं पाणी दिसलं असेल. नऊ दिवसांपूर्वी त्या पोराला त्याच्या आईने कमरेएवढ्या पाण्यातून खांद्यावर घेऊन काढलं होतं, हे मला नंतर कळलं.

दोन-तीन फेऱ्यांनी अंतर दिसायला लागलं. मागचे स्क्रीनमधून बाहेर जायला लागले. फुटपाथवरचे लोक आत आले, समोरचा पानठेलेवाला दुकान सोडून आला, रस्त्याने जाणारे दोन कॉलेजचे पोरं गाडी स्टँडला लावून शटरपाशी उभे राहिले. काकू कधी पुढे आल्या माहीत नाही, ताईच्या अगदी बाजूला उभ्या होत्या आणि प्रत्येक ओंडक्याला त्यांचा हात ताईच्या दंडावर घट्ट व्हायचा. ऑटोवाला "चल चल चल चल" एवढंच म्हणत होता. बँकवाले काका घड्याळ बघून फेऱ्या मोजत होते. मी एक डोळा स्क्रीनवर आणि एक एसएमपीएसवर, म्हणजे सेटच्या पॉवर सप्लायवर, हात लावून बघत होतो, ट्रान्सफॉर्मर गरम होत होता पण वास नव्हता. मनात म्हणत होतो, बाबा, एवढी आठ मिनिटं काढ.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो एकटाच होता. मागे खूप लांब दोन जपानी. शेवटची पाण्याची उडी गेली आणि सरळ पट्ट्यात तो मागे वळून बघायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. इतके वर्षं मी टीव्ही दुरुस्त करतो, लाखो चेहरे स्क्रीनवर पाहिले असतील, पण असं हसू नाही पाहिलं. ८:१९.५०. गेम्स रेकॉर्ड. एशियन गेम्समधे या शर्यतीत गोल्ड मिळवणारा पहिला भारतीय पुरुष.

दुकानात जो आवाज झाला तो मी सांगू शकत नाही. पण त्या आवाजात हवालदार काका उठून उभे राहिले, सावधानमधे, आणि छाती भरून ओरडले, "बोलो हिंदुस्तान की..." ही महार रेजिमेंटची युद्धघोषणा आहे. तिथे कोणाला माहीत होतं, कोणाला नव्हतं, पण "जय" सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. काकूंनी, ताईने, ऑटोवाल्याने, पानठेलेवाल्याने, मी पण, हातात टेस्टर. तीन वेळा. काकांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या आणि त्यांनी त्या पुसल्या नाहीत.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त लक्षात आहे. कोणी घरी गेलं नाही. पानठेलेवाल्याने चहा सांगितला आणि लोक बोलायला लागले, नंबराचं नाही, पुराचं. आठवडाभर हे सगळे माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी पहिल्यांदाच. काकू म्हणाल्या, सासूबाईंना पलंगासकट उचलून डायनिंग टेबलवर ठेवलं आणि पहाटेपर्यंत मी पलंग धरून उभी होते. ताई म्हणाली, तुमच्या मागच्या गल्लीतूनच आम्ही निघालो ना मग, तुमच्या गच्चीवर कोणीतरी टॉर्च दाखवत होतं. काकू गप्प झाल्या. टॉर्च त्यांच्या मुलाने धरला होता. ऑटोवाल्याने सांगितलं त्याचा ऑटो त्याच नाल्यात कसा उलटा सापडला. हवालदार काका लष्कराच्या बोटींबद्दल बोलले, कोणत्या पोराने काय बांधलं, कशी दोरी टाकली, असं सांगत होते जसे काही त्यांच्याच घरची पोरं आहेत.

टीव्ही चाळीस मिनिटं चालला. कॅपॅसिटर गेला नाही. त्याच सेटवर तेजिंदरपाल तूरचं गोळाफेकीतलं गोल्डही पाहिलं आम्ही.

काकूंनी नंतर चिठ्ठीबद्दल विचारलं नाही. त्यांचा सेट बुधवारी झाला, नंबराने. ताईचा कव्हर लावून दिला तेव्हा मी त्या डागाबद्दल सांगायला लागलो, तो जाणार नाही, हळूहळू वाढू पण शकतो. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ, ओळख आहे ती."

आणि हवालदार काकांचा सेट. तो मी त्याच संध्याकाळी खोलला, सगळे गेल्यावर. बोर्ड ठीक होते पण पॅनलमधे पाणी वरपर्यंत चढलं होतं, काही करण्यासारखं नव्हतं. मला सांगवत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघूनच समजले. म्हणाले, "बुधवारी त्याची पाच हजार मीटर आहे. इथं बसलो तर चालंन?"

४ तारखेला ते वेळेच्या आधी तासभर येऊन त्याच स्टुलावर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. साबळेने सिल्व्हर घेतलं, त्याच दिवशी भालाफेकीत नीरज चोप्राने गोल्ड घेतलं आणि किशोर जेनाने सिल्व्हर. दुकान परत भरलं होतं. ७ तारखेला आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीत त्या गेम्समधलं तिसरं गोल्ड मारलं तेव्हा तर शेजारच्या इस्त्रीवाल्याने कोळसा तसाच सोडून उडी मारली आत. त्या दिवशी टेबलावर एका बुडालेल्या शाळेचा मोठा सेट होता, पहिल्यांदाच बल्बवर लावायचा होता. मी स्विचवर हात ठेवला आणि काका म्हणाले, "थांब." उठून आले, बल्बच्या जवळ उभे राहिले, आणि मग म्हणाले, "हां, टाक आता."