पहिली गाडी म्हणून जुनी स्कॉर्पिओ

मी पहिली गाडी म्हणून २०१३ सालची डिझेल स्कॉर्पिओ घ्यायची ठरवली, तेव्हा घरातल्या थोरांचा सल्ला नवी छोटी गाडी घेण्याचा होता, आणि केवळ शहरात फिरणाऱ्यासाठी तो आजही योग्यच आहे. परंतु चिपळूणच्या आतल्या गावात, जिथे घरापर्यंतचा शेवटचा टप्पा पावसाळ्यात चिखलाच्या चढाचा होतो आणि मे महिन्यात आई-वडिलांबरोबर आंब्याच्या पेट्याही न्यायच्या असतात, तिथे लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या मजबूत लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली उंच गाडी खरोखरच उपयोगी पडते.

मात्र कोकणात अशी गाडी घेताना मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा गाडीच्या खालच्या बाजूला अधिक महत्त्व द्यावे, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे चेसिसला, म्हणजे या खालच्या सांगाड्याला, गंज धरतो, आणि विकण्याआधी त्यावर काळ्या रंगाचा ताजा हात मारला की वरवर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून वेल्डिंगचे सांधे आणि बॉडी चेसिसला जिथे बसते त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्या भागाचा बद्द येतो, आणि हा फरक नवशिक्यालाही ऐकू येतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. म्हणून आमच्या भागात सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहणे मी अनिवार्य मानतो. सीटची कव्हरे बदलता येतात, मॅटिंग बदलता येते, पण बेल्टच्या एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ पुष्कळदा तशीच राहून जाते.

इंजिन तपासायचे तर ते थंड असतानाच, म्हणून गाडी आधी सुरू करून ठेवू नये असे विकणाऱ्याला सांगावे. सुरू केल्यावर ऑइल भरायचे झाकण उघडून पाहावे. तिथून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर ज्याला मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो, म्हणजे सिलिंडरमधला वायू पिस्टनच्या कडेने खाली गळण्याचा, दोष असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे असे समजावे. जोर दिल्यावर येणारा काळा धूर मात्र एअर फिल्टर किंवा इंजेक्टरच्या कामाने कमी होऊ शकतो. टायरच्या कडेवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने रबर घाटात भरवशाचे नसते.

मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज मला धोकादायक वाटतो. २०१६ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची धडक-चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाचपैकी शून्य तारे मिळाले. म्हणून किंमत थोडी जास्त पडली तरी चालेल, पण एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) असलेलेच मॉडेल शोधावे, हे मी आधीच ठरवले होते.

कागदपत्रांत मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५, हे व्यवहाराच्या वेळीच हातात घ्यावे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत अर्ज करायचा असतो आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तरी ना हरकत प्रमाणपत्राची खटपट आणि महाराष्ट्राचा रस्ता कर किमतीत मिळवूनच सौदा करावा.

देखभालीसाठी मी गाडीच्या किमतीचा साधारण पाचवा हिस्सा पहिल्या वर्षापुरता बाजूला ठेवला आणि तो लागलाच: सस्पेन्शनचे बुश, क्लच प्लेट, रेडिएटरचे पाइप आणि सगळी ऑइल्स. मागच्या मालकाने ती केव्हा बदलली यावर विसंबून न राहता इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, तसेच डिझेल व हवेचे फिल्टर एकदमच बदलून घ्यावेत, म्हणजे पुढचा हिशेब आपल्या वहीतून सुरू होतो. पावसाळा संपला की खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, अँटी-रस्ट कोटिंग करून घेतो. कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला थांबलो, तर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ संथ चालू ठेवतो, कारण तापलेल्या टर्बोचे (इंजिनात जोराने हवा भरणाऱ्या पंख्याचे) ऑइल अचानक थांबले तर त्याच्या बेअरिंगवर काजळी धरते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो तोच गिअर ठेवतो. एवढ्या वजनाची गाडी केवळ ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात.

या गाडीची नोंदणी १५ वर्षांनी, म्हणजे २०२८ मध्ये संपेल. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे, शिवाय फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. चेसिस तोवर आजच्यासारखा राहिला, तर पुढच्या पाच वर्षांसाठी तो खर्च करण्याची माझी तयारी आहे.