म्हसळ्याच्या फाट्यावरचे तीन तास

"लोकेशन पाठवतो सर, दोनच मिनिटं." २३ डिसेंबर २०२३ च्या दुपारी हे वाक्य मी सात वेळा ऐकलं. सात, कारण मुलीनं मोजलं होतं.

त्या वर्षी नाताळ सोमवारी होता, म्हणजे शनिवार-रविवार धरून सरळ तीन दिवस सुट्टी. असा योग आला की अख्खं पुणं ताम्हिणीतून खाली उतरतं हे मला माहीत आहे. तरी आमचं कोकणात समुद्रावर जायचं ठरलं गुरुवारी रात्री. दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातली ओळखीची दोन घरं आधीच भरलेली. "घरात तंबू पडून आहे, तो नेऊ की," मी म्हटलं आणि स्वतःच्याच कल्पनेवर खूश झालो.

शुक्रवारी दहा-बारा ठिकाणी फोन केले. स्वतःचा तंबू आणतो म्हटलं की समोरचा एकदम थंड. "आमचाच टेंट घ्यावा लागेल, माणशी पंधराशे, बार्बेक्यू आणि डीजे इन्क्लूड." डीजे वगळून काही कमी होईल का विचारलं तर तो मनापासून हसला. शेवटी एक जण तयार झाला. जागा समुद्राला लागून, तंबू आमचा, दोन रात्रींचे चार हजार, त्यातले निम्मे आत्ता. पाठवले. इथे माझी चूक झाली, ती सरळ सांगतो : वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, कुणाची, गावात कुठे, हे विचारलंच नाही. जागा मिळतेय याचाच आनंद इतका, की "पट्ट्यातच आहे सर" एवढ्यावर समाधान मानलं.

म्हसळ्यापर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

म्हसळ्याला मात्र रस्ता फुटतो. एक बोर्लीपंचतनवरून दिवेआगरला, दुसरा श्रीवर्धनला. कुठला धरायचा हे त्या लोकेशनवर अवलंबून. पावणेएकला पहिला फोन. दोन मिनिटं. सव्वाला दुसरा. "आधीचे गेस्ट चेकआउट करतायत." मोकळ्या वाळूवरून कसलं चेकआउट? दीडला फोन बिझी. दोनला कुणी बाईंनी उचलला, त्या ठाण्याहून बोलत होत्या आणि त्यांनी कधी दिवेआगर पाहिलेलंसुद्धा नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, की हा माणूस वाडीवाला नाही, मधला आहे, आणि आमचे पैसे खिशात ठेवून आता कुठे जागा मिळते का ते शोधतोय. पण दोन हजार गेलेले असले की माणूस उठत नाही. अजून दहा मिनिटं थांबू, अजून एक चहा घेऊ. बायको म्हणाली, "पैसे गेले समज आणि चल." मी ऐकलं नाही. अडीच वाजता आवाज चढवला, तर पलीकडून एकदम मऊ सूर, "सर, सीझन आहे, समजून घ्या." सव्वातीनला मोबाइलवर आला तो कुठल्याशा रिसॉर्टचा फोटो, त्यात निळा स्विमिंग पूल. लोकेशन नाहीच. आमच्यामागून आलेल्या गाड्या दोन्ही बाजूंना वळून जात होत्या आणि प्रत्येक गाडीगणिक मला वाटत होतं, गेली आपली जागा. पावणेचारला मी काही न बोलता गाडी सुरू केली. दिवेआगर का? तर धाकट्याला मोदक हवे होते.

आणि तिथं काम वीस मिनिटांत झालं. गावात शिरल्यावर किराणा दुकानात पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि सहज विचारलं. दुकानदार म्हणाला, किनाऱ्यावर आणि सुरूच्या बनात लावू देत नाहीत, वाडीत विचारा. तिसऱ्या वाडीत एक आजी भेटल्या. खोल्या भरलेल्याच होत्या. तंबूचं ऐकून आधी त्यांनी आम्हाला नीट पाहून घेतलं. "पिणार नाही ना? गाणी लावणार नाही? मग लावा. पण खळ्यात नको हो, सुपारी वाळत घातलीय." खरंच, सगळं खळं सुपारीनं भरलेलं, पाय ठेवायला जागा नाही. विहिरीपलीकडचा तुकडा दिला. रात्रीचे पाचशे, न्हाणीघर त्यांचं वापरायचं, जेवण वेगळं. मी मनातल्या मनात माणशी पंधराशेचा हिशेब करत बसलो.

मी नारळाखालीच तंबू सोडायला लागलो तेव्हा आजी ओरडल्या. वर बघा आधी! नारळ, झावळी, काहीही पडतं. हे लक्षात ठेवा.

मुलांना अजूनही वाळूवरच झोपायचं होतं. पाणी इतकं लांब गेलंय, कुणाला कळणार, असा मोह मलाही झाला. आजींनी विचारलं, "आज तिथी कोणती?" द्वादशी. "मग बारा पाऊण नऊ." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, साधारण, सकाळी तीच आणि रात्री जराशी पुढे. त्यात पुनव तीन दिवसांवर, मंगळवारी दत्तजयंती, म्हणजे पाणी उधाणाकडे चाललेलं. रात्री नऊनंतर जाऊन पाहिलं. संध्याकाळी ज्या वाळूवर मुलं क्रिकेट खेळली होती, ती सगळी पाण्याखाली होती. तेव्हापासून किनाऱ्यावर जाताना मी कालनिर्णय बघतो.

डिसेंबरात दव फार पडतं हे सांगायचं राहिलंच. तंबूचं वरचं कापड लावायला मी आळस केला आणि पहाटे पांघरुणं ओलीचिंब. रोख पैसेही जवळ ठेवा. आजींकडे स्कॅनर होता, रेंज नव्हती. आणि फोनवर पैसे मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, शेजारी कुणाची वाडी आहे? तिथं राहणारा माणूस क्षणात सांगेल.

दोन हजारांचं म्हणाल, तर ते "प्रोसेसमध्ये" आहेत. सकाळी मुलं आजींबरोबर सुपारी वरखाली करत होती, तेव्हा मी तो नंबर पुन्हा लावला. "सर, लोकेशन पाठवतो," तो म्हणाला. मुलगी खळ्यातून ओरडली, "आठ!"