पालथा ठेवलेला फोन

गाणं दोन रात्रींत लिहून झालं, रेकॉर्डिंग एका सकाळी उरकलं, आणि मिक्सच्या, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज जुळवून गाणं पक्कं करण्याच्या, पायी गणपती येऊन गेले. तो राग अजून उतरलेला नाही.

माझे वडील मालवणात मासेमारी ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते. गेले त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. मी उचलला नाही. पहिल्या रात्री लिहिलं त्यात समुद्र, होडी, चांदणं सगळं होतं, तेवढं मात्र नव्हतं. दुसऱ्या रात्री लिहिलं: ‘तुझा फोन वाजला, मी पालथा ठेवला.’ मग बाकीची कडवी खोडून टाकली.

स्टुडिओत क्लिक, म्हणजे कानात वाजणारा ठरावीक ठेका, लावून गायलो. ती चूक माझी. या ओळीवर मी आपोआप संथ होतो, क्लिक मला पुढे ढकलत होती. असं गाणं असेल तर क्लिक नकोच म्हणून आधी सांगा.

आठवड्याने मिक्स आलं. सूर सगळे जागेवर. पण ओळीआधीचा श्वास कापलेला, आणि ‘ठेवला’वर आवाज खाली उतरतो ती मींड सूर आपोआप जुळवणाऱ्या ऑटोट्यूनने पायऱ्या पाडून सपाट केलेली. वरून देवळाच्या गाभाऱ्यात घुमावा तेवढा रिव्हर्ब. आईला ऐकवलं. ती म्हणाली, “झिला, ह्यो तुझो आवाज नाय.”

मी स्टुडिओवाल्याला फोन केला, “दादा, ट्यूनिंग काढा, श्वास परत ठेवा.” उत्तर आलं, “अहो, बेसूर वाटेल, लोक हसतील.” नंतर ‘उद्या बघतो’. नंतर गणपतीच्या भजनांची कामं आली. चार वेळा एसटीने गेलो, दोनदा तिथे लाइट नव्हती. शेवटी कळलं, मूळ टेक, म्हणजे मी गायलेलं कच्चं रेकॉर्डिंग, पुसला गेला होता. त्या सकाळचा माझा आवाज कुठेच उरला नाही. पैसे आधीच दिले होते. तुम्ही तसं करू नका: गाऊन झाल्यावर त्याच दिवशी कच्च्या वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, घरी उघडून ऐका, मगच पैसे द्या. दाबून लहान केलेली एमपीथ्री दिली तर घेऊ नका.

मग घरीच केलं. पत्र्यावर पाऊस वाजत असताना काही होत नाही, म्हणून ऑक्टोबर उजाडू दिला. मित्राचा कंडेन्सर माइक आणि तो कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस आणला, माइकला लागणारे ४८ व्होल्ट चालू केले, मागे दोन गोधड्या टांगल्या, फ्रिज बंद केला. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवलं, आवाजाचं टोक उणे १२ डेसिबलच्या, म्हणजे आवाज फाटतो त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली, आसपास. त्यामुळे हळू गायलेलंही नीट आलं आणि जोर लागला तिथे फाटलं नाही. पेटी मात्र नंतर वेगळी वाजवली, नाहीतर ती माइकमध्ये शिरते.

रात्री दोनला गायलो. पहिले दोन टेक स्वच्छ आले, मी स्वतःला सांभाळत होतो. तिसऱ्याला ‘पालथा’वर आवाज फुटला, आणि पुढचा श्वास घ्यायला वेळ लागला. तो टेक तसाच आहे, श्वासासकट.