निपाणी ते खानापूर: आर्टेमियाच्या खाद्यासाठी दोन दिवसांचा फेरा

आर्टेमिया, म्हणजे माशांना जिवंत खाद्य म्हणून घालायचा खाऱ्या पाण्यातला झिंग्यासारखा बारीक जीव. तो वाढवायला समुद्र लागत नाही; मीठ, हवा आणि पिठाहून बारीक खाद्य लागतं. खाद्य बेळगावच्या पट्ट्यात पोत्यांनी आहे, प्रश्न फक्त कुठलं पोतं उचलायचं एवढाच. डिसेंबर-जानेवारीत, सुगी आटोपल्यावर निघावं. पावसाळ्यात कोंडा घरी येईपर्यंत दमट होतो.

पहिला मुक्काम निपाणी. इथं सोयाबीनची तेल काढलेली पेंड बघितली. कच्च्या दाण्याचं पीठ नको: त्यातलं तेल पाण्यावर तवंग धरतं, आणि प्रथिनं पचू न देणारा घटक उष्णता दिल्याशिवाय जात नाही. तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या गोदामातलं पोतं मात्र फुकट मिळालं तरी सोडा. निकोटीन हे कीटकनाशक आहे, आणि आर्टेमिया कीटकांचाच लांबचा भाऊबंद.

बेळगावात जाळी घ्यायची. मत्स्यसाहित्याच्या दुकानात शोधत बसू नका, स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानात विचारा: सेंटीमीटरला १२० धाग्यांची जाळी, भोक साधारण ५० मायक्रॉन. याहून मोठा कण आर्टेमियाला गिळता येत नाही, तो तळाशी कुजतो. खडेमीठ आणि खायचा सोडा इथंच घ्या.

दुसऱ्या दिवशी खानापूर, भाताचा तालुका, आणि फेऱ्याचं खरं कारण. गावातल्या भात सडायच्या जुन्या यंत्रावर, म्हणजे हलरवर, तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात. तुसात सिलिका, पचायला शून्य. रबरी रोलरची गिरणी शोधा, जिथं तूस आधी उडतं आणि पॉलिशचा कोंडा वेगळा पडतो. कानडी गिरणीवाल्याकडे ‘तौडु’ मागा. ‘होट्टु’ म्हणालात तर तूस हातात पडेल. चिमूटभर चघळून बघा: गोडसर लागला तर ताजा, घशाला खवखवला तर परत करा. पॉलिश होताच कोंड्यातलं एन्झाइम तेल फोडायला लागतं, म्हणून त्याच दिवशी कढईत मंद आचेवर सतत ढवळत ८–१० मिनिटं परता, रंग बदलायच्या आत उतरवा. उकड्या तांदळाचा कोंडा मिळाला तर जास्त टिकतो.

घरी लिटरला ३५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात ५० ग्रॅम कोंडा मिक्सरमधून फिरवा, जाळीतून पिळा, चोथा पुन्हा एकदा फिरवून पिळा. हे दूध फ्रिजमध्ये ठेवा. पेंडीचं तसंच, फक्त आधी तासभर भिजवून वरचं पाणी फेका. विरघळलेला भाग आर्टेमियाच्या पोटात जात नाही, पाणी तेवढं नासवतो.

अंडी फुटल्यावर साधारण ८ तास पिल्लाला तोंडच उघडत नाही, तोवर काही घालू नका. पिल्लं लिटरला हजार-दोन हजारच ठेवा. त्यानंतर खाद्य चमच्यानं मोजू नका, पाण्यानं मोजा: काठीला पांढरी चकती लावून बुडवा. पहिल्या आठवड्यात ती १५–२० सेंमीवर दिसेनाशी व्हावी, पुढे २०–२५ वर. त्याआधीच दिसेनाशी झाली तर त्या वेळचं खाद्य चुकवा. दिवसाचं खाद्य निदान चार वेळा विभागून.

हवेच्या नळीला बुडबुडे बारीक करणारा दगड (एअरस्टोन) लावू नका, बारीक बुडबुडे पायांत अडकून आर्टेमिया वर तरंगतात. पाण्याचा सामू (pH) ७.५ च्या खाली आला की खायचा सोडा थोडा थोडा घाला. सकाळी पांढरा फेस आणि आंबूस वास आला तर अर्धं पाणी बदला, दिवसभर उपास.

सगळं जमलं तर दोन आठवड्यांत ८–१० मिलिमीटरचं जनावर तयार होतं. कोंड्यावर वाढलेल्या या आर्टेमियात माशांच्या तेलात असतात तशी लांब साखळीची मेदाम्लं (EPA, DHA) फारशी नसतात. हौदातल्या गोड्या पाण्याच्या शोभिवंत माशांना त्यानं फरक पडत नाही. समुद्री माशांच्या पिल्लांसाठी आदल्या दिवशी मत्स्यतेलाचं इमल्शन पाजावं लागतं.

भिंगातून अंगातली आतड्याची रेघ रोज बघा. भरीव गडद असावी. पाणी गढूळ असूनही ती रिकामी दिसली तर जाळी तपासा, कुठेतरी फाटलेली निघते.